ससा आणि ससा

नवरात्र सरले की रत्नागिरीच्या सड्यावर गवतकापणी सुरू होते. तेथून गड्याने सशाचे पोरके पिल्लू आणले. पडवीत पांढऱ्या सशांची जोडी होतीच. आमच्या धाकटीने हे तिसरे त्यांच्यात सोडायचे ठरविले. मराठी दोघांनाही ससाच म्हणते, तिथे माझीही फसगत झाली! पांढरा ससा युरोपातल्या बिळकरी सशाचा वंशज. त्याची पिले उघडीबोडकी, डोळे मिटलेली जन्मतात. सड्यावरचा ससा बीळ करीत नाही. त्याचे पिल्लू अंगावर लव घेऊन, उघड्या डोळ्यांनीच जगात येते. आई दिवसा दूर राहते, तिन्हीसांजेनंतर पाजायला येते. म्हणजे ते पोरके नव्हतेच. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पाळता येत नाही. (मुलांसाठी पाळायचाच तर मी गिनीपिगला पहिला मान देईन. सहसा दात लावीत नाही. मात्र ‘क’ जीवनसत्त्व त्याच्या अंगात तयार होत नाही, म्हणून रोज ताजा पाला हवा.)

धाकटी जेवली नाही. संध्याकाळी आम्ही पिल्लू जिथले तिथे ठेवून आलो. पहाटे तिने मला ओढतच सड्यावर नेले. गवतातली जागा रिकामी होती.

“आई घेऊन गेली ना, बाबा?”

कोल्ह्याचे नाव मी काढले नाही.