आधी माती, मग मासे

क्रॉफर्ड मार्केटमध्ये फिशटँक घ्यायला गेलात की तुमच्यापुढे निळे-गुलाबी खडे आणि बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या येतो. टाकीत खऱ्या वनस्पती वाढवायच्या असतील, तर दोन्हींना सरळ नाही म्हणा. त्या खड्यांत मुळांना खायला काहीच नसतं.

माझं म्हणणं एवढंच, की शोभेवरचा पैसा तळाकडे आणि दिव्याकडे वळवा. तळ महागच हवा असंही नाही. अमेरिकेच्या डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ च्या पुस्तकात साध्या मातीची रीत मांडली, मी तीच पाळतो. रासायनिक खत न पडलेली, चाळलेली माती इंचभर, तिच्यावर इंचभर धुतलेली जाडसर वाळू. माती याहून जास्त घातली तर तळात प्राणवायू पोचत नाही आणि बोटाने उकरलं की सडक्या अंड्यांचा वास येतो. समुद्राची वाळू नकोच. शिंपल्यांच्या चुऱ्याने पाण्यातले क्षार वाढतात.

दिवा साडेसहा हजार केल्व्हिनचा पांढरा एलईडी, टायमर लावून रोज सात तास. पाहुणे आले म्हणून रात्री अकरापर्यंत दिवा जाळणाऱ्यांच्या टाकीत शेवाळच माजतं. झाडांना कार्बन डायऑक्साइड पुरवणारा सिलिंडरही मंद प्रकाशात लागत नाही. व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरिन या पाणवनस्पती त्याच्याशिवाय मजेत वाढतात. पहिल्याच दिवशी दाट लावा.

मुलं माशांसाठी हट्ट धरतील. धरू द्या. झाडांनी नवी पानं टाकल्याशिवाय एकही मासा घरात आणू नका.