मोठे टायर बसविण्यापूर्वी गिअरचा हिशेब करावा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातील चढउताराच्या वाटा आणि प्रवरा-गोदावरीकाठची काळी चिकण जमीन, दोन्ही गाडीची कसोटी पाहणाऱ्या आहेत. अशा ठिकाणी चारही चाकांना गती देणारी जीपच्या घडणीची छोटी पिकअप शेतकऱ्यास उपयोगी पडते. पण तिला मूळ मापाहून मोठे टायर बसविले की ती चिखलातून सहज निघेल, ही समजूत अपुरी आहे. गिअरचे प्रमाण न बदलता टायर वाढविणे म्हणजे गाडीचे बळ घटविणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या समजुतीचे मूळ बैलगाडीत असावे. मोठ्या चाकाची बैलगाडी हलकी चालते, हे खरेच आहे. परंतु तेथे बैल जू ओढतात आणि चाक केवळ मागून घरंगळते. मोटारीत इंजिनाला आसातून चाक फिरवावे लागते. चाक जितके मोठे, तितका त्याचा जमिनीवरील जोर कमी.

याचा हिशेब सोपा आहे. समजा, गाडीच्या पिनियनला ८ व क्राऊनला ३९ दाते आहेत. म्हणजे प्रमाण ४.८८ झाले. २८ इंच व्यासाच्या जागी ३१ इंचांचा टायर घातला, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास गाडी सुमारे ११ टक्के अधिक अंतर तोडते आणि ओढण्याचा जोर सुमारे १० टक्क्यांनी घटतो. लाभ एवढाच, की गाडी जमिनीपासून दीड इंच उंच होते. चढावर क्लच जळू लागतो. उतारावर तर धोका अधिक, कारण इंजिनाची रोखण्याची शक्ती व ब्रेकची पकड दोन्ही उणी पडतात आणि वेगदर्शक ४० दाखवीत असता गाडी ४४ ने धावत असते. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेली गाडी घाट उतरत असता हा फरक जिवावर बेतू शकतो.

जीपचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे हे प्रमाण ४.८८ होते. १९४५ मध्ये तीच गाडी शेतकामासाठी बाजारात आली, तेव्हा कंपनीने ते ५.३८ केले, म्हणजे ८ दात्यांच्या पिनियनवर ४३ दात्यांचा क्राऊन बसविला. टायरचे १६ इंची माप तेच ठेवले. शेतकऱ्यास वेग नको, सावकाश व भरपूर ओढ हवी, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याकडेही पुढे मुंबईत विलीज जीपची जुळणी होऊ लागली.

वरील उदाहरणातील ३१ इंची टायरांनी घटलेली ओढ ५.३८ प्रमाणाने जवळजवळ भरून निघते. मात्र क्राऊन व पिनियन जोडीनेच बदलावे लागतात आणि पुढील व मागील दोन्ही आसांत एकच प्रमाण असावे लागते. खर्च वाचविण्यासाठी केवळ मागील आसात बदल केल्यास, चारही चाकांना गती देताच दोन्ही आस एकमेकांविरुद्ध झगडतात, टायर घासतात व गिअर तुटतात. दात्यांमधील फट बरोबर ठेवणे हे कसबी कारागिराचेच काम आहे.

कायद्याचेही भान ठेवावे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल, असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मनाई करते. म्हणून आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

आमचे मत असे की, बहुतेक शेतकऱ्यांनी मूळ मापाचेच, पण खोल खाचांचे टायर घ्यावेत, भार मर्यादेत ठेवावा आणि चिखल लागण्यापूर्वीच चारही चाकांची गती व मंद गिअर जोडावा. एवढ्याने बरीच कामे निभावतात. उंची खरोखरच हवी असेल, तर टायर व दोन्ही आसांतील दाते यांचा खर्च एकत्र मांडूनच निर्णय घ्यावा.

सैन्याच्या गाड्या जोखणारी वाहन संशोधन व विकास संस्था ज्या जिल्ह्यात आहे, तेथील शेतकऱ्याने केवळ शेजाऱ्याचे पाहून पैसे खर्च करू नयेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाणे व खतांइतक्याच आस्थेने हा हिशेबही गावसभेत समजावून द्यावा.