या वयात दातांना तारा?

चाळिशीला आलेल्या माणसाने चष्मा लावला तर त्याची दखल कोणी घेत नाही. त्याच माणसाने दातांना तारा लावून घेतल्या तर कचेरीत आठवडाभर दुसरा विषय निघत नाही. डोळ्यांचा दोष हा वयाचा धर्म समजला जातो. दातांचा दोष मात्र लहानपणी दुरुस्त व्हायचा राहून गेला की जन्मभर निमूटपणे वागवायचा असतो, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे रूढ आहे. तो मोडू पाहणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषांच्या मनात जी धास्ती असते, तिची चेष्टा करणे सोपे आहे. ती धास्ती नेमकी कशाची, हे पाहण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही.

लहानपणी तारा न लागण्याची कारणे बहुधा घरच्या हिशेबात सापडतात. ज्या घरात भावाची फी, आजीचे आजारपण आणि महिनाअखेरचा किराणा यांचाच मेळ बसत नव्हता, तेथे मुलीचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढले आहेत ही बाब खर्चाच्या यादीत येतच नसे. तालुक्याच्या गावी या कामातला तज्ज्ञच नव्हता, ही अडचण आणखी वेगळी. ती मुलगी पुढे शिकते, नोकरीला लागते. तोंडावर हात ठेवून हसणे तिच्या अंगवळणी पडते आणि समूहाच्या छायाचित्रात ती ओठ मिटून उभी राहते. पस्तिसाव्या वर्षी स्वतःच्या मिळकतीतून पैसे बाजूला काढून ती दंतवैद्याकडे जायचे ठरवते, तेव्हा घरातूनच प्रश्न येतो, ‘आता या वयात कोणाला दाखवायचे आहे?’

हा प्रश्न वाटतो तितका निरुपद्रवी नाही. दात सरळ करायचे ते लग्न जमावे म्हणून, आणि लग्न जमले की त्या दातांचे काम संपले, असे त्यात गृहीत धरलेले असते. मुलगी उपवर असताना तिच्या दातांची उघड चर्चा करणारे नातेवाईकच, पुढे त्याच दातांबद्दल तिला वाटणाऱ्या खंतीला नखरा म्हणतात. म्हणजे दात तिचे, पैसे तिचे, परंतु त्यांच्याविषयी बरेवाईट वाटून घेण्याचा अधिकार तेवढा तिचा नाही! पुरुषांची यातून सुटका होते असेही नाही. आपल्या दिसण्याविषयी त्यांना काही वाटते, ही कबुलीच त्यांच्या बाबतीत कमीपणाची मानली जाते. अशा वेळी ‘चावायला त्रास होतो’ असे एखादे कारण पुढे करून माणसे उपचाराला जातात. ते कारण पुष्कळदा खरेही असते. पण नसले तरी बिघडत नाही. निःसंकोच हसता यावे, एवढीच इच्छा असली तरी ती पुरेशी आहे.

लोकमताला या बाबतीत दूरचित्रवाणीनेही हातभार लावला. २००३ मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झालेल्या ‘जस्सी जैसी कोई नहीं’ या मालिकेत नायिका अनाकर्षक आहे हे ठसवण्यासाठी जाड चष्मा आणि दातांवरच्या तारा या दोन खुणा वापरल्या होत्या. मूळ कोलंबियन मालिकेतून आलेला हा संकेत आपल्या प्रेक्षकांनी विनातक्रार स्वीकारला. वास्तविक पायाला प्लास्टर घातलेल्या माणसाला कोणी लंगडा म्हणत नाही, त्याचा पाय बरा होत आहे असे म्हणतात. दातांच्या बाबतीत मात्र उपचाराची खूणच व्यंगाची खूण ठरली.

दुसरी धास्ती शरीराची. वय वाढले की हाड पक्के होते, मग दात हलणार कसे, आणि हलले तर खिळखिळे होऊन पडणार नाहीत काय, अशी शंका सुशिक्षितांच्याही मनात असते. दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो; त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे एक पातळ अस्तर असते. तारेचा सौम्य, सतत दाब पडला की दाबाच्या बाजूचे हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि विरुद्ध बाजूला नवे हाड घालणाऱ्या पेशी मागची पोकळी भरून काढतात. दात अशा रीतीने महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. प्रौढपणी या क्रियेचा आरंभ थोडा संथ असतो, पण ती बंद पडलेली नसते. साधने पूर्वीची राहिलेली नाहीत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १९०० मध्ये सेंट लुई येथे या शास्त्राचे स्वतंत्र विद्यालय काढले. त्या काळी आणि पुढेही कित्येक वर्षे दाताभोवती धातूचे कडे बसवावे लागे. दातावरचे कवच आम्लाने किंचित खडबडीत केले की त्यावर लेप पक्का चिकटतो, हे मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवले आणि त्यातूनच पुढे दातावर थेट चिकटणाऱ्या लहान पट्ट्या आल्या. निकेल आणि टिटॅनियम यांच्या मिश्रधातूची लवचिक तार १९७०नंतर वापरात येऊ लागली, तेव्हा तारांचा जाचही पुष्कळ कमी झाला.

तरीही प्रौढांच्या सगळ्या शंका निराधार आहेत असे सांगणारा दंतवैद्य भेटला, तर त्याच्यापासून सावध राहिलेले बरे. वाढ पूर्ण झालेल्या माणसाच्या जबड्यांतील तफावत ताराच केवळ मिटवू शकत नाहीत. ती फार असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. काहींच्या दातांची मुळे उपचारात किंचित आखूड होतात. सर्वांत मोठा प्रश्न असतो हिरड्यांचा. मिसरी लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या, मधुमेह आटोक्यात नसलेल्या माणसांच्या हिरड्या आणि त्यांखालचे हाड पुष्कळदा आतून झिजलेले असते, आणि दुखत नसल्यामुळे त्याचा पत्ता लागत नाही. अशा हिरड्यांवर आधी इलाज न करता तारा चढवल्या, तर सरळ झालेले दात गमावण्याची पाळी येऊ शकते. हिरड्या निरोगी असतील, तर वय हा अडथळा नव्हे.

दीड-दोन वर्षांची रोजची कटकट ही खरी असते आणि ती आधी सांगितली म्हणजे सोसवते. तार घट्ट केल्यावर दोन-चार दिवस दात ठणकतात. भाकरीचा कडक पापुद्रा, चिक्की, सुपारी, ऊस, कणीस यांना रजा द्यावी लागते आणि दिवाळीत चकलीकडे पाहून समाधान मानावे लागते. तारा बसवणाऱ्या पारदर्शक रबरी कड्या आमटीतल्या हळदीने पिवळ्या पडतात; पाश्चात्त्य पुस्तकांत या संकटाला फारशी जागा नसावी. दातांच्या आतल्या बाजूने बसवलेल्या तारा कोणाला दिसत नाहीत, पण जिभेला त्या अडतात. ‘स’चा उच्चार आणि ‘चांगला’, ‘जसा’ यांतले मराठी च-ज काही आठवडे बिघडतात. शिक्षकाने, वकिलाने, कीर्तनकाराने हे आधी विचारून घ्यावे.

या न दिसण्याचाच आज मोठा बाजार झाला आहे. पारदर्शक प्लास्टिकच्या साच्यांनी दात सरकवण्याची पद्धत गेल्या पंचवीसएक वर्षांत रुजली. योग्य रुग्णासाठी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ती उपयुक्तच आहे. परंतु संकोच हेच भांडवल मानून घरबसल्या मापे घ्यायची, साचे टपालाने धाडायचे आणि रुग्णाच्या तोंडात प्रत्यक्ष कोणी डोकावायचेच नाही, असाही धंदा उभा राहिला. अमेरिकेतील स्माइल डायरेक्ट क्लब ही अशीच कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अर्ध्यावर उपचार सोडलेले तिचे ग्राहक वाऱ्यावर पडले. हिरड्या तपासल्या नाहीत, क्ष-किरण चित्र काढले नाही, तर मापे कितीही अचूक असली तरी तो उपचार आंधळाच. जो माणूस नातेवाइकांच्या टोमण्याला भितो, तोच गुपचूप उपचाराच्या जाहिरातीला आधी बळी पडतो, आणि पैसे बुडाले तर उघड तक्रारही करीत नाही. टोमणे मारणाऱ्यांनी आपला या व्यापारातला वाटा ओळखावा.

आणखी एक गोष्ट दंतवैद्य पुष्कळदा ओझरती सांगतात. तारा निघाल्यावर दात पुन्हा जुन्या जागेकडे ओढ घेतात. म्हणून दात धरून ठेवणारी पट्टी किंवा मागच्या बाजूने चिकटवलेली बारीक तार पुढे अनेक वर्षे, बहुधा कायमच, वापरावी लागते. हे खर्चाबरोबर पहिल्याच भेटीत, लेखी, रुग्णाच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे.

खर्चाचा भार बहुतेकांना स्वतःच्या खिशातून उचलावा लागतो. मुंबईतील नायर दंत महाविद्यालय, मुंबई व नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय अशा ठिकाणी पदव्युत्तर विद्यार्थी अनुभवी अध्यापकांच्या नजरेखाली हे काम खाजगी दवाखान्यांपेक्षा पुष्कळ कमी पैशांत करतात. परंतु तार दर महिन्याला तपासून घ्यावी लागते, आणि नोकरी करणाऱ्या माणसाने कामाच्या दिवशी सकाळी रांगेत उभे राहायचे म्हणजे दोन वर्षांत वीस-पंचवीस रजा खर्ची घालायच्या. शाळकरी मुलाची आई ही हजेरी कशीबशी निभावते. तिला स्वतःसाठी ती निभावता येत नाही. महाविद्यालयांनी आठवड्यातून एक संध्याकाळ प्रौढ रुग्णांसाठी राखून ठेवली, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही की नवी यंत्रसामग्री. अध्यापक आणि विद्यार्थी यांच्या वेळापत्रकात फेरबदल केला म्हणजे झाले.