खुंटी कुणाच्या हाताला लागते?

मग़रिबची अज़ान व्हायला आली होती आणि नेमके दिवे गेले होते. शेजारच्या खाला पिठाची पिशवी घेऊन जिना चढत होत्या. वळणावर त्यांचा पदर कशात तरी अडकला आणि पाठोपाठ धाडकन आवाज आला. मी दार उघडून मोबाईलचा उजेड पाडला. खाला पायरीवर बसल्या होत्या, गुडघा धरून. पीठ सांडलेलं. आणि त्यांच्या अंगावर आडवी पडलेली सायकल आमची होती.

अल्लाहच्या कृपेने हाड मोडलं नाही. मुका मार होता, पंधरा दिवस शेक घेऊन बरा झाला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हाही ईमानचाच एक भाग आहे, हे मी वर्गात मुलांना शिकवते. आणि माझ्याच दारात, सगळ्यांच्या वाटेवर, माझीच सायकल उभी होती. "आतमध्ये जागा नाही हो," हे माझं कारण. जागा मला नव्हती, गुडघा खालांचा फुटला.

रोह्याच्या जुन्या घरात हा प्रश्न कधी पडला नाही. तिथे पडवी होती. पडवीत सायकल, लाकडं, पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे, सगळं मावायचं. आणि जे जमिनीवर मावत नसे ते वर जायचं. शिंकं वर, कांद्याच्या माळा वर, मासे पकडायचं जाळं वर, तान्ह्या बाळाचा पाळणाही तुळईच्या कडीलाच. कुंडलिकेला पाणी चढलं की दादा आपली सायकलसुद्धा सुंभाने वाशाला टांगून ठेवायचे. पेणला आलो आणि पडवी सुटली. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि चिंचोळा पॅसेज. तरी जमीन संपली की भिंत वापरायची, हे पेणमध्ये कुणी शिकवायला नको. इथल्या गणपतीच्या कारखान्यांत डोकावून पाहा, मांडण्यांवर मांडण्या थेट छपरापर्यंत गेलेल्या असतात.

खाला पडल्या त्या आठवड्यात आमच्या घरी सायकलवर बरीच चर्चा झाली. सायकल लेकीची. सातवीत असताना घेतलेली, आता ती नववीत. एका नातेवाईक बाईंनी सहज सांगून टाकलं, "विकून टाका. मुलगी मोठी झाली, आता काय सायकल चालवणार?" लेक काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. तिचे अब्बू तेव्हा कुवेतहून सुट्टीवर आले होते. ते म्हणाले, "विकायची कशाला? टांगू." दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रिल मशीन आणून पॅसेजच्या भिंतीत, अगदी वर, दोन जाड हुक ठोकले आणि सायकल आडवी टांगली. खालून आरामात चालता येऊ लागलं. जमिनीवर उभी असताना सायकल सहा फूट लांब आणि हँडलपाशी दोन फूट रुंद, म्हणजे बारा चौरस फूट जागा खायची. दीड जानमाजची जागा! ती सगळी मोकळी झाली. जिना मोकळा, खाला खूश, मी खूश. महिन्याभराने ते कुवेतला परतले.

पुढची गोष्ट माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले, आणि तीही घरात नाही, वर्गात.

अंतर आणि वेळेची गणितं चालली होती. सहज विचारलं, घरी सायकल कुणाकुणाकडे आहे? भरपूर हात वर झाले, मुलींचेही. मग विचारलं, रोज कोण चालवतं? मुलांचे हात तसेच राहिले, मुलींचे बरेचसे खाली आले. मागच्या बाकावरच्या एका मुलीला कारण विचारलं तर म्हणाली, "मॅडम, वर टांगलीय. भाईजान काढून देतात तेव्हा चालवते." वर्ग हसला. मीही हसले.

संध्याकाळी घरी आले, चपला काढताना मान वर गेली आणि हसू विरलं. सीटवर धुळीचा थर होता, मागच्या चाकापासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं. गेले तीन महिने लेक अर्धा तास आधी घरातून निघत होती. मला वाटायचं, मैत्रिणींबरोबर गप्पा मारत जायला तिला आवडत असेल. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अम्मी, मी एकदा स्टुलावर चढून बघितलं. सतरा किलो आहे ती. डोक्यावरून खाली येत नाही. तुलाही नसती आली. अब्बू आले की काढतील." अब्बूंची पुढची सुट्टी वर्षभराने!

सायकल आम्ही विकली नव्हती. फक्त तिच्या हातातून काढून घेतली होती, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. नातेवाईक बाईंनी जे तोंडाने सांगितलं, तेच आम्ही दोन हुकांनी केलं.

ही लहान गोष्ट नाही. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहीम चालली. त्या वेळच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरांबरोबर सायकल शिकणंही मोहिमेत घेतलं. शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया सायकल शिकल्या. त्यात मुस्लिम घरांतल्या तरुण मुलीही होत्या. बसची वाट पाहणं संपलं, पाण्याची घागर सायकलवर आली, बाजाराला जायला कुणाची सोबत मागावी लागेना. बिहारमध्ये 2006 पासून नववीतल्या मुलींना सरकार सायकलीसाठी पैसे देऊ लागलं, तेव्हा हायस्कूलला जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली, विशेषतः शाळा लांब असलेल्या गावांत. शाळा तीच, मुलगीही तीच. मधलं अंतर तेवढं तिच्या पायाखाली आलं. आपल्याकडे रिक्षाचे पैसे आणि सोबत या दोन कारणांनी किती मुलींचा क्लास, किती जणींचं अकरावी-बारावी सुटतं, ते प्रत्येक मोहल्ल्याला ठाऊक आहे.

तर हुक खाली आणायचा ठरला. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ जागा होती, पण ती भिंत आमची आणि खालांची सामाईक. पलीकडे त्यांचा पलंग. ज्यांना आमच्या सायकलने पाडलं, त्यांच्याच भिंतीला भोक पाडायची परवानगी मागायची, म्हणून मी घाबरत घाबरत गेले. खाला म्हणाल्या, "अगो, खुंटी मारायला शेजाऱ्याला नाही म्हणू नये, हे तूच सांगतेस ना पोरांना? मार. फक्त दुपारी मारू नको, मी लवंडते." मला हसू आलं आणि डोळेही भरले. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची रिवायत आहे, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. प्रेषित (स.) यांनी बजावलं की, शेजारी आपल्या भिंतीत लाकूड बसवू म्हणाला तर त्याला अडवू नये. चौदाशे वर्षांपूर्वीची ती शिकवण आमच्या बिल्डिंगमध्ये त्या दिवशी कामाला आली.

आता हे काम कसं केलं ते सांगते, म्हणजे आमची चूक तुमच्या घरी होणार नाही.

सायकल आडवी न टांगता उभी टांगायची, पुढचं चाक वर. हुकाची उंची टेपने ठरवू नका. जी चालवणार तिलाच बोलवा. तिने सायकल मागच्या चाकावर भिंतीशी उभी करायची. पुढच्या चाकाची रिम जिथे पोचते तिथे पेन्सिलने खूण करा आणि हुक त्या खुणेच्या दोन-तीन इंच वर बसवा. असं केलं की पूर्ण वजन उचलावंच लागत नाही. सायकल मागच्या चाकावर ढकलत आणायची, उभी करायची आणि शेवटी फक्त दोन-तीन इंच वर सरकवायची. आमची लेक एका दमात करते. टोपली रिकामी करून मग उभी करा, नाहीतर पुस्तकं डोक्यात पडतात. मागे कॅरियर असेल तर उभी करताना तो जमिनीला टेकतो, तेव्हा उंची कॅरियर धरून मोजा.

भिंत कोणती आहे ते आधी बघा. नव्या बिल्डिंगमध्ये काँक्रीटचा कॉलम किंवा बीम सगळ्यांत भरवशाचा. विटेच्या भिंतीत साधा प्लॅस्टिकचा प्लग न घालता लोखंडी फास्टनर घाला आणि भोक दोन विटांच्या सांध्यात पाडू नका. रोह्याकडची जुनी घरं जांभ्या चिऱ्याची असतात. चिरा मऊ, ड्रिल लगेच आत जातं, पण वजनाने आणि ओलीने प्लग तितकाच लगेच सैल होतो. तिथे एक जाड फळी चार ठिकाणी स्क्रूने भिंतीला पक्की करा आणि हुक फळीत बसवा, वजन वाटलं जातं. तुळई धड असेल तर सगळ्यांत उत्तम. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि मोरीच्या भिंतीत ड्रिल चालवू नका, आत वायर नाहीतर पाइप असतो. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारल्याशिवाय एकही भोक नको. ती भिंत आपल्याकडे अमानत आहे.

हुक ग्रिलवाल्याकडून जाड सळईचा करून घेता येतो. तोंड चांगलं वर वळलेलं हवं, म्हणजे धक्का लागून चाक निसटत नाही. त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा, रिमला ओरखडा पडत नाही आणि आपल्या दमट हवेत गंजही कमी धरतो. सायकल टांगण्याआधी पंचवीस किलोची तांदळाची गोण त्या हुकाला रात्रभर टांगून ठेवा. सकाळी हुक जराही वाकला किंवा हलला असेल तर काम पुन्हा करा. पलंगावर, पाळण्यावर किंवा नमाज पढायच्या जागेवर काहीही टांगू नका. घरात लहान मूल असेल तर खालच्या चाकालाही एक पट्टा बांधा, झोका घेतल्याशिवाय मुलं राहत नाहीत. दोन सायकली शेजारी टांगायच्या तर एकीचं पुढचं चाक वर, दुसरीचं मागचं, म्हणजे हँडल हँडलला अडत नाही.

पावसाळ्यात भिजलेली सायकल आधी पुसा, चेनला दोन थेंब तेल द्या, मग टांगा. खाली जुनं पोतं टाका. टांगलेल्या सायकलचे टायर एका जागी दबत नाहीत आणि ओल्या लादीवर रिम गंजत नाही, हा फायदा वेगळाच.

आता हिशेबाचं. उभी टांगलेली सायकलही भिंतीपासून साडेतीन फूट पुढे येते. म्हणजे बारातली पाचेक चौरस फूट जागाच वाचली, सातेक गेलीच. वर टांगली होती तेव्हा सगळी वाचत होती. पाहुणे अजून विचारतात, "वर का नाही टांगत? पॅसेज मोकळा होईल." मी सांगते, ती सात फूट जागा लेकीची आहे.

हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या एका रिवायतीत सुखाच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: नेक जीवनसाथी, ऐसपैस घर, चांगला शेजारी आणि आरामाची सवारी. ऐसपैस घर आम्हाला मिळालं नाही. पण शेजारीण मिळाली आहे, आणि सवारी दाराशी आहे.

काल सकाळी सव्वासहाला मी चहा ठेवत होते. पॅसेजमध्ये हुकाचा टक् असा आवाज आला, मग चेनचा खरखर. दाराशी लेकीने सवारीची दुआ पुटपुटली. "अम्मी, येते," म्हणून ती गेलीसुद्धा. मला हाक मारावी लागली नाही तिला.

तुमच्या घरी सायकल वर टांगलेली असेल तर आज एकदा मान वर करून बघा. आणि ती जिची आहे तिला विचारा, काढता येते का?