नाव बदला, पण जुनं डोमेन सोडू नका

आज द्राक्षाचं नाही, ईमेलचं बोलतो.

आमच्या शेतकरी कंपनीचं नाव बदलतंय. नवीन नावाचं डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात ॲटच्या पुढं असतं ते, घेऊन झालं. आता काही संचालक म्हणतात, जुन्याचे वर्षाला हजार-बाराशे कशाला भरायचे? माझा याला सरळ विरोध आहे.

आमचं ईमेल गुगल वर्कस्पेसवर आहे. तिथं मुख्य डोमेन बदलणं अवघड नाही. नवीन डोमेन आधी दुय्यम म्हणून जोडायचं, ते आपलंच आहे हे टीएक्सटी रेकॉर्ड टाकून दाखवायचं, एमएक्स रेकॉर्ड लावायचे, दोन-चार मेल पाठवून बघायच्या आणि मगच त्याला मुख्य करायचं. त्यानंतर प्रत्येकाचा पत्ता वेगळा बदलावा लागतो, आपोआप होत नाही. जुन्या मेल जागेवर राहतात, आणि जुन्या पत्त्यावर येणारी मेलही त्याच खात्यात पडते.

पण हे सगळं जुनं डोमेन आपल्याकडं आहे तोवरच. आपण वाण बदलतो तेव्हा डॉगरिजचा खुंट उपटतो का? वरचं कापतो आणि त्याच खुंटावर नवीन डोळा भरतो. तसंच आहे हे.

डोमेनची मुदत संपली की काही दिवसांनी ते कोणीही विकत घेऊ शकतो. मग आपल्या जुन्या पत्त्यावरच्या मेल त्याच्याकडं. बँक, जीएसटी, अपेडा, जिथं जिथं जुना ईमेल नोंदवलाय आणि बदलायचा राहिलाय, तिथला पासवर्ड बदलायची लिंक त्याच्या हातात. त्याहून वाईट म्हणजे तो नेदरलँडच्या खरेदीदाराला आपल्याच पत्त्यावरून लिहील, 'आमचं बँक खातं बदललंय, पैसे इथं टाका.' खरेदीदाराला शंका यायचं कारणच नाही, पत्ता ओळखीचाच. कंटेनर गेलेला, माल विकलेला, पैसे भलत्याच्या खात्यात. मग सभासदांना काय सांगणार?

बदल जून-जुलैत करा. जानेवारी ते एप्रिल कंटेनर चालू असताना या भानगडीत पडूच नये. रेकॉर्ड बदलल्यावर सगळीकडं पोचायला एक-दोन दिवस जाऊ शकतात, आणि नेमका त्यातच रेसिड्यूचा रिपोर्ट अडकला तर?

अजून एक. डोमेन कंपनीच्याच नावावर पाहिजे. शेजारच्या तालुक्यात एका कंपनीचं डोमेन कॉम्प्युटरवाल्याच्या नावावर निघालं, आता तो फोन उचलत नाही. आणि डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनचा ईमेल देऊ नका. डोमेन बंद पडलं तर आत शिरायचा रस्ताही बंद.

पुढच्या मिटिंगला मी ठराव मांडणार आहे, जुनं डोमेन एकदम दहा वर्षांसाठी भरून टाकायचं. दहा-बारा हजाराचा खर्च आहे. एवढ्यात तर एक फवारणी पण धड होत नाही.