सात किलोमीटरचा हिशेब

केंद्रीय अर्थसंकल्पात सात अतिवेगवान रेल्वेमार्गांची घोषणा झाली आणि त्यांपैकी मुंबई-पुणे व पुणे-हैदराबाद या दोन मार्गांमुळे महाराष्ट्राचे नाव यादीत आले. परंतु ज्या मुंबई-नागपूर मार्गासाठी समृद्धी महामार्गाच्या कडेने २०२१ मध्ये हवाई सर्वेक्षण सुरू झाले होते आणि ज्याच्या नियोजित स्थानकांत कारंजा लाडचेही नाव होते, तो त्या यादीत नाही. वऱ्हाडाने त्याबद्दल हळहळावे, असे मात्र काहीही घडलेले नाही. वऱ्हाडातील दर्यापूरसारख्या गावांचा प्रश्न ताशी ३२० किलोमीटर वेगाचा कधीच नव्हता. तो ताशी २० किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या शकुंतला गाडीचा आहे, आणि ती गाडीसुद्धा आज धावत नाही.

मूर्तिजापूर-अचलपूर हा ७६ किलोमीटरचा आणि मूर्तिजापूर-यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा मार्ग म्हणजे शकुंतला. दोन रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर असलेली ही अरुंदमापी गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडातील कापूस मुख्य मार्गापर्यंत नेण्यासाठी आखली गेली. मार्गाची मालकी खासगी कंपनीकडे राहिली, गाडी मात्र रेल्वे चालवत आली, आणि या दुहेरी व्यवस्थेत रुळांची निगा कोणाचीच जबाबदारी उरली नाही. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरले, यावरूनच तिच्याकडे किती लक्ष दिले गेले ते कळते. २०१६ मध्ये या मार्गाच्या रुंदीकरणासाठी, म्हणजे १६७६ मिलिमीटरच्या रुंदमापी रुळांसाठी, सुमारे १५०० कोटी रुपयांची घोषणा झाली. त्या घोषणेला दशक होत आले. यवतमाळची गाडी थांबली, पाठोपाठ अचलपूरचीही थांबली, आणि दर्यापूरच्या बनोसा स्थानकात रुंदमापीची गाडी अद्याप आलेली नाही. मालकीचा गुंता खरा आहे, परंतु तो काही काल-परवा निर्माण झालेला नाही.

आता दुसरा हिशेब पाहावा. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग ५०८ किलोमीटरचा आणि मूळ अंदाजित खर्च १ लाख ८ हजार कोटींचा, म्हणजे किलोमीटरमागे २०० कोटींहून अधिक. या सरासरीने शकुंतलेच्या संपूर्ण १८९ किलोमीटरच्या रुंदीकरणाची रक्कम बुलेट ट्रेनच्या जेमतेम सात किलोमीटरांत संपते. योगायोग असा की तिच्या बोगद्याचा ठाणे खाडीखालून जाणारा भागही सात किलोमीटरचाच आहे.

जपानचे स्वस्त कर्ज, नवे तंत्रज्ञान आणि रोजगार ही समर्थनाची कारणे खोटी नाहीत. परंतु भूमिपूजन सप्टेंबर २०१७ मध्ये झाले, पहिली गाडी २०२२ मध्ये धावेल असे सांगण्यात आले, आणि आता गुजरातमधील पहिला टप्पा २०२७ वर गेला आहे. या विलंबाचे मोठे कारण जागेवरचे अडथळे आहेत. पालघरमधील शेतकरी व आदिवासींच्या जमिनी, खाडीकाठची कांदळवने, ज्या जागेचा वाद न्यायालयात गेला ती विक्रोळीतील जमीन या सर्व गोष्टी भूमिपूजनापूर्वीही नकाशावर होत्या. अतिवेगवान मार्गाला तीव्र वळणे चालत नाहीत, त्यामुळे वाटेत जे येईल त्याला वळसा घालण्याची मुभा तो देत नाही. आणि त्याचे रूळ १४३५ मिलिमीटर मापाचे असल्याने देशातील रुंदमापी जाळ्यावर ती गाडी उतरू शकत नाही. म्हणून असा मार्ग शेवटच्या टोकापर्यंत बांधावाच लागतो. अर्धवट बुलेट ट्रेन म्हणजे अर्धवट विहीर.

हायपरलूपची कथा तर याहून बोलकी आहे. जवळपास निर्वात नळीतून प्रवाशांची डबी सोडून मुंबई-पुणे अंतर सुमारे २५ मिनिटांत कापण्याच्या या कल्पनेला २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जा दिला. त्यानंतर हा प्रकल्प मांडणाऱ्या कंपनीने अमेरिकेतील ५०० मीटरच्या नळीत दोन माणसे ताशी १७२ किलोमीटर वेगाने नेऊन दाखवली आणि २०२३ च्या अखेरीस स्वतःचा गाशा गुंडाळला. ज्या वाहनाने तोपर्यंत एकही प्रवासी वाहिला नव्हता त्याला मंत्रिमंडळाची मोहोर मिळते, आणि ज्या गाडीने शंभर वर्षे प्रवासी वाहिले तिच्या फाइलीवर धूळ साचते, हा प्राधान्याचा दोष आहे. पैशाच्या टंचाईचा नव्हे.

यंत्रणेला काम जमत नाही, असेही म्हणता येत नाही. जून २०२२ मध्ये याच परिसरात, लोणी ते माना या पट्ट्यात, अमरावती-अकोला महामार्गाच्या एका मार्गिकेचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण करून जागतिक विक्रम नोंदवला गेला. पूर्णा नदीकाठच्या काळ्या, फुगणाऱ्या जमिनीवर बांधकाम अवघड असते, ही सबब त्या १०५ तासांत कोणाला आठवली नाही. विक्रम करायचा असला की यंत्रे, माणसे आणि मंजुऱ्या एकाच दिवशी जमतात. मूर्तिजापूरला मुख्य मार्गाची गाडी गाठू पाहणाऱ्या दर्यापूर-अंजनगावच्या विद्यार्थ्यासाठी आणि दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या माणसासाठी मात्र हे सारे जमत नाही.

वऱ्हाडातील खासदार-आमदारांनी मुंबई-नागपूर बुलेट ट्रेन यादीत नाही म्हणून निवेदने देत बसू नये. त्यांनी एकच मागणी लावून धरावी: रुंदीकरणाला मिळालेला निधी, कामाच्या निविदा आणि पूर्णत्वाची तारीख सरकारने लेखी जाहीर करावी. सात नव्या मार्गांची घोषणा करणाऱ्यांनी आधी सात किलोमीटरच्या किमतीचे हे जुने देणे फेडावे.