आधी विका, मग पळवा

फ्लोरिडातल्या डेटोना इथे २३ फेब्रुवारी १९६४ रोजी झालेल्या पाचशे मैलांच्या शर्यतीत चुरस फारशी उरलीच नव्हती. २०० पैकी १८४ फेऱ्या रिचर्ड पेटीची निळी प्लिमथ सगळ्यांच्या पुढे होती. पहिले तिन्ही क्रमांक प्लिमथनेच नेले. कारण बॉनेटखाली होतं. प्लिमथ बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीचं ‘हेमी’ इंजिन ४२६ घनइंचांचं, म्हणजे जवळपास सात लिटरचं होतं. मारुती ८००ची नऊ इंजिनं एकत्र केली तर साधारण तेवढा आकार होईल.

पण फोर्डचं इंजिनही ४२७ घनइंचांचं होतं. मग ती मागे का पडली? हेमीचा ज्वलनकक्ष अर्धगोलाकार होता. त्यामुळे व्हॉल्व्ह मोठे आणि समोरासमोर बसवता येत. हवा-इंधनाचं मिश्रण मोकळेपणाने आत येई, जळालेला वायू तितक्याच सहज बाहेर पडे.

जुन्या अमेरिकी ‘स्टॉक कार’ शर्यतींच्या गप्पा अजूनही घनइंचांपाशी अडकतात. ४२६ मोठं की ४२७, यावर पैजा लागतात. त्या शर्यतींना खरी धार आणली ती मात्र दुसऱ्याच अटीने: ट्रॅकवरची गाडी आणि तिचं इंजिन शोरूममध्ये सामान्य गिऱ्हाइकाला मिळायला हवं. या शर्यती भरवणाऱ्या ‘नॅसकार’ संस्थेचे संस्थापक बिल फ्रान्स यांच्या नियमपुस्तकातला हाच सर्वांत शहाणा नियम होता. तो हातून सुटला तेव्हा कंपन्यांच्या वैरातला अर्थही निघून गेला.

पहिल्याच दिवशी या नियमाने दात दाखवले होते. जून १९४९ मध्ये शार्लटच्या शर्यतीत ग्लेन डनवेची फोर्ड पहिली आली, पण तिच्या मागच्या स्प्रिंग मूळच्या नव्हत्या. चोरटी दारू वाहणारे जशा मजबूत करून घेत, तशा त्या केलेल्या होत्या. डनवे बाद झाला आणि लिंकन चालवणाऱ्या जिम रोपरला विजेता ठरवलं गेलं.

पुढे हडसन कंपनीने याच अटीचा मोठ्या हुशारीने फायदा घेतला. तिच्या ‘हॉर्नेट’मध्ये ३०८ घनइंचांचं जुन्या धाटणीचं सहा सिलिंडरांचं इंजिन होतं. शर्यतीत टिकणारे दणकट भाग कंपनीने खडतर वापरासाठी म्हणून अधिकृत यादीतच घातले. मग ते कोणालाही विकत घेता येऊ लागले. १९५२ मध्ये ३४ पैकी २७ शर्यती हडसनने जिंकल्या, तेही व्ही-८ इंजिनांच्या नाकावर टिच्चून.

हेमीच्या दणक्यानंतर फोर्डने ९० दिवसांत ४२७ घनइंचांचं, वर कॅमशाफ्ट असलेलं इंजिन उभं केलं. फ्रान्स यांनी ते अडवलं. हेमीही तेव्हा गिऱ्हाइकाला मिळत नव्हतं, म्हणून १९६५ साठी त्यालाही बाहेर काढलं. क्रायस्लरने बहिष्कार टाकला, पेटी ड्रॅग रेसिंगकडे वळला. त्या वर्षी ५५ पैकी ४८ शर्यती फोर्डने जिंकल्या आणि एकतर्फी खेळाला कंटाळून प्रेक्षक घरी बसले. फ्रान्स यांना काही महिन्यांतच थोडं नमतं घ्यावं लागलं. पण अटीने आपलं काम केलंच: १९६६ मध्ये हेमी रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये विक्रीला आलं.

१९६९ मध्ये तर या अटीमुळे गमतीदार प्रकार घडले. बॉस ४२९ हे इंजिन ५०० गाड्यांत विकल्याशिवाय पळवता येणार नव्हतं. फोर्डने ते मस्टँगमध्ये कसंबसं कोंबून विकलं आणि शर्यतीत उतरवलं टोरिनोमध्ये! क्रायस्लरच्याच डॉजने टोकदार नाकाची, मागे उंच पंख असलेली ‘चार्जर डेटोना’ सुमारे पाचशेच्या संख्येत बनवली. पुढच्या वर्षी प्लिमथची ‘सुपरबर्ड’ आली. ती इतकी विचित्र दिसे की काही विक्रेत्यांनी नाक आणि पंख काढून ती साध्या गाडीसारखी विकली. मार्च १९७० मध्ये टॅलाडेगात बडी बेकरने चार्जर डेटोना ताशी २०० मैलांच्या पुढे नेली.

इथे ब्रेक लावणं भागच होतं, हे मान्य करायला हवं. १९६४ या एका वर्षात जो वेदरली, फायरबॉल रॉबर्ट्स आणि जिमी पार्ड्यू हे तीन नामांकित चालक दगावले होते. १९६९ मध्ये टॅलाडेगाच्या पहिल्याच शर्यतीवर टायर टिकत नाहीत म्हणून बड्या चालकांनी बहिष्कार टाकला होता. नॅसकारने १९७० मध्ये कार्ब्युरेटरखाली हवा रोखणारी छिद्रांची पट्टी बसवली. १९७१ मध्ये पंखवाल्या गाड्यांना ३०५ घनइंचांची मर्यादा घातली. दशकाच्या मध्यापर्यंत सगळ्यांसाठीच ३५८ घनइंचांची कमाल ठरली. वेगाला आवर घालण्याचा हा मार्ग योग्यच होता.

चूक झाली ती दुसरीकडे. आकार आणि वेग रोखताना ‘आधी विका’ ही अट ढिली करण्याची गरज नव्हती. तीनशे अठ्ठावन्न घनइंचांच्या मर्यादेतही कंपनीला सांगता आलं असतं, की हे इंजिन आधी गिऱ्हाइकाच्या गाडीत दाखवा. तसं झालं नाही. इंजिन फक्त शर्यतीसाठी घडू लागलं, सांगाडा फक्त शर्यतीसाठी जोडला जाऊ लागला आणि कंपनीची ओळख बाहेरच्या पत्र्यापुरती आणि बोधचिन्हापुरती उरली. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी हे आवश्यक होतं, असा बचाव केला जातो. पण फक्त ट्रॅकसाठी घडवलेलं इंजिन स्वस्त कधीच नव्हतं.

टोयोटाचंच पाहा. २००७ मध्ये ती नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत ‘कॅमरी’ घेऊन उतरली. शोरूममधली कॅमरी पुढच्या चाकांवर चालणारी, चार किंवा सहा सिलिंडरांची. ट्रॅकवरची कॅमरी मागच्या चाकांवर चालणारी, खास शर्यतीसाठी बनवलेल्या पुशरॉड व्ही-८ची. तसं इंजिन टोयोटा कुठल्याच कारमध्ये विकत नव्हती. तरी तिला प्रवेश मिळाला आणि २००८ मध्ये काइल बुशने अटलांटात तिला पहिला विजयही मिळवून दिला. ज्या कारणासाठी १९६५ मध्ये हेमीला दार बंद झालं होतं, त्याच कारणाकडे आता कोणी बोट दाखवलं नाही.